सनद मिळाली, पण पोट कधी भरणार? वकिलीतल्या पहिल्या वर्षांचा इतिहास

ज्यांना कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्याने वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी आत भरल्यात आणि माझं "म्हणजे कसंय की" बरंचसं गाळलंय. उरलं असेल तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय मी ठरवला नाही, माझ्या ज्युनियरने ठरवला. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. भाईंदर पश्चिमेला राहते, सनद घेऊन दीड वर्ष झालंय. जुलैमधला एक दिवस. आम्ही दोघी मीरा रोडच्या कोर्टाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. पाऊस, चिखल, हातात फायली, डोक्यावर एकच छत्री. सकाळपासून आमच्या तीन मॅटरमध्ये मिळून फक्त एक पुरसिस दाखल झाली होती, बाकी दोन्हींत तारखा. तेव्हा ती एकदम म्हणाली, "मॅडम, यात पोट कधी भरतं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. सगळे सीनियर देतात तेच. अगं, पहिली दहा वर्षं अशीच जातात, आंबेडकरांची गेली, गांधींची गेली, आपण कोण? धीर धर.

तिने मान हलवली. रिक्षा आली. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "पण मॅडम, ती दहा वर्षं ते जेवत कशाच्या जोरावर होते?"

मंडळी, मला उत्तर येईना. वीस वर्षं मी इतिहास वाचतेय, या पॉडकास्टवर तो तुम्हाला सांगतेय, आणि हा साधा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. तो आज मांडू.

आधी थोडं आमच्या गावाबद्दल. मीरा-भाईंदर म्हटलं की बाहेरच्यांना लोकलमधली गर्दी आठवते, आणि जुन्या लोकांना मिठागरं. १९८५ मध्ये इथे नगर परिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसं होती. २००१ ला ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि २०११ ला आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत एवढी माणसं आली. त्यांनी फ्लॅट घेतले, सोसायट्या काढल्या, दुकानं थाटली, चेक दिले, लग्नं केली. म्हणजे वादही आलेच. बिल्डरने कन्व्हेयन्स दिला नाही, भाडेकरू घर सोडत नाही, चेक बाउन्स झाला, सासरचे स्त्रीधन देत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराला बरीच वर्षं स्वतःचं कोर्ट मात्र नव्हतं. सगळं ठाण्याला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मीरा रोड पश्चिम रेल्वेवर, ठाणे मध्य रेल्वेवर. ट्रेनने जायचं तर दादरला उतरा, पूल चढा, गाडी बदला आणि उलट वर या. नाहीतर घोडबंदर रोडची बस. काशीमीरा, फाउंटन, गायमुखचा घाट, आणि पुढे नशिबात असेल तसं. मी २००८ मध्ये सनद घेतली आणि ठाण्याला एका सीनियरकडे बसायला लागले. अकराच्या पुकाऱ्याला हजर राहायचं म्हणून पावणेआठला घर सोडायचे. घाटात कंटेनर आडवा झाला की बसमध्ये उभ्या उभ्या कोर्टातल्या मैत्रिणीला फोन, "माझा नंबर आला तर पासओव्हर माग गं." आणि एवढं करून पोचावं तर साहेब रजेवर.

८ मार्च २०२५ ला मीरा रोडच्या हाटकेश भागात दिवाणी आणि फौजदारी न्यायालय सुरू झालं. उद्घाटनाला सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक आले होते. ते ठाण्याचेच. १९८३ मध्ये ठाणे जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या चेंबरमध्ये त्यांनी वकिली सुरू केली होती. सेशन्सची आणि वरच्या दिवाणी कोर्टाची कामं अजून ठाण्यालाच आहेत, पण चेक बाउन्सच्या तारखेला आता मला घाट ओलांडावा लागत नाही. माझ्या ज्युनियरने ती बस पाहिलेलीच नाही. मी तिला सारखी ऐकवते, "तुम्हाला काय, कोर्ट दारात आलंय." माझी सासू मला मिक्सरवरून असंच ऐकवायची.

असो, इतिहासाकडे वळू.

"वकील" हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अर्थ असा, की दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा. पेशवाईतले वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेले प्रतिनिधी. कोर्टात उभा राहणारा तो वकील हा अर्थ इंग्रजी अंमलात घट्ट झाला. १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं तेव्हा वकिलांच्याही जाती होत्या म्हणा ना. सगळ्यात वर बॅरिस्टर, विलायतेत शिकून आलेला. त्याच्या जोडीला सॉलिसिटर, अशिलाला भेटणारा, कागद तयार करणारा आणि कोणत्या बॅरिस्टरला काम द्यायचं ते ठरवणारा. त्यांच्याखाली हायकोर्टाचे वकील, मग जिल्ह्या-तालुक्याचे प्लीडर आणि तळाला मुखत्यार. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, सनद वेगळी आणि मान तर फारच वेगळा. हे सगळे मिळून "अ‍ॅडव्होकेट" ही एकच जात झाली ती १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने.

यातली सॉलिसिटरची जागा नीट लक्षात ठेवा. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे जिथे थेट चालायचे तिथे, बॅरिस्टरला अशील थेट मिळायचा नाही. सॉलिसिटरने ब्रीफ दिलं तर काम, नाही दिलं तर लायब्ररीत बसून राहा. तुम्ही किती हुशार आहात हा प्रश्न नंतरचा. सॉलिसिटर तुम्हाला ओळखतो का, तुमच्या घरी त्याचं येणं-जाणं आहे का, हा पहिला.

आता गांधी. मोहनदास करमचंद गांधी जून १८९१ मध्ये लंडनमध्ये बॅरिस्टर झाले आणि लगेच परतले. थोडे दिवस राजकोटला काढून मुंबईत आले आणि गिरगावात जागा घेऊन राहिले. हायकोर्टात रोज चालत जायचे. ट्रामचे पैसे वाचायचे आणि व्यायामही व्हायचा. कोर्टात बसून दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकायचे, आणि मधेच डुलकीही लागायची हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच कबूल केलंय. काम आणणाऱ्या दलालाला कमिशन द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. मोठमोठे फौजदारी वकील देतात, असं लोकांनी समजावलं, तरी ऐकलं नाही.

पहिलं काम मिळालं स्मॉल कॉजेस कोर्टात. ममीबाई नावाच्या बाईंचं, फी तीस रुपये. गांधी प्रतिवादीकडून उभे होते, समोरच्या साक्षीदाराचा उलटतपास घ्यायचा होता. ते उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि अशिलाच्या माणसाला म्हणाले, फी परत घ्या आणि पटेलांना द्या हे काम. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत गांधी कोर्टात उभे राहिले नाहीत.

इथवरची गोष्ट सगळ्या सीनियरना पाठ असते. पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. त्यांनी पेपरात एक जाहिरात पाहिली. इंग्रजीचा शिक्षक हवा, रोज एक तास, पगार पंचाहत्तर रुपये. अर्ज केला. मुख्याध्यापकांनी विचारलं, ग्रॅज्युएट आहात का? लंडनची मॅट्रिक होती, बॅरिस्टरी होती, बी.ए. नव्हतं. नोकरी गेली! काही महिन्यांतच त्यांनी मुंबई सोडली आणि राजकोट गाठलं. तिथे अर्ज आणि निवेदनं लिहून देण्याचं काम मिळालं, महिन्याला सरासरी तीनशे रुपये. काम यायचं ते थोरल्या भावाच्या ओळखीवर, कारण भावाची भागीदारी एका जम बसलेल्या वकिलाशी होती. आणि मुंबईत न दिलेलं कमिशन? राजकोटला त्यांना त्या बाबतीत नमतं घ्यावं लागलं, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. १८९३ मध्ये दादा अब्दुल्लांच्या पेढीने एका वर्षासाठी दक्षिण आफ्रिकेला बोलावलं. एकशे पाच पौंड, वर जाण्यायेण्याचा पहिल्या वर्गाचा खर्च.

म्हणजे गांधींनी मुंबईत दहा वर्षं धीर धरला नाही. वर्षभरही धरला नाही. तोवर खर्च भावाने केला, नंतर कामही भावाच्या ओळखीने मिळालं, आणि शेवटी ठरलेल्या रकमेचं काम मिळताच ते परदेशी गेले. हिशोबाच्या वहीत हे असंच लिहावं लागेल.

आता आंबेडकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ मध्ये लंडनहून परतले. कोलंबियाची डॉक्टरेटची तयारी, लंडनचं शिक्षण, ग्रेज इनची बॅरिस्टरी, सगळं गाठीला होतं. पण हायकोर्टाची सनद घ्यायला पैसे नव्हते. ते दिले नवल भथेना या पारशी मित्राने, कोलंबियाच्या दिवसांपासूनच्या. तेव्हा कुठे वकिली सुरू झाली. आणि इथे तो सॉलिसिटर आडवा आला. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या बॅरिस्टरला ब्रीफ कोण देणार? मग ओरिजिनल साइड बाजूला ठेवून अपील साइडचं आणि खालच्या कोर्टांचं काम. राहायला परळच्या पोयबावडीतली चाळ, ऑफिस दामोदर हॉलजवळ.

मग घर कशावर चाललं? १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. १९२८ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक झाले, १९३५ मध्ये तिथेच प्राचार्य. खटले चालूच होते. १९२६ मध्ये पुण्यात "देशाचे दुश्मन" या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी अपील लढवून जिंकलं. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या "समाजस्वास्थ्य"चा खटला लढवला, तो हरले. ही कामं काही पैशासाठी घेतलेली नव्हती. ती घेता आली, कारण महिन्याचे काही रुपये शिकवणीतून घरी येत होते.

बाटलीबॉयची गोष्ट मी पूर्वी चरित्रात वाचलेली होती. पण चरित्र वाचताना आपण अशी ओळ भराभर ओलांडून पुढे चवदार तळ्यावर जातो. त्या ओळीत घरभाडं आहे आणि किराणा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चवदार तळ्याचं नाव निघालंय तर त्याचा दावाही सांगते, कारण तो आमच्या ठाण्यातून गेलाय. मार्च १९२७ चा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो. त्यानंतर डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तो व्हायच्या आत महाडमधल्या काही सवर्ण मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. म्हणणं असं, की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट पूर्वापार आहे. प्रतिवादी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम झाला. हजारो माणसं महाडला जमलेली, आणि पुढाऱ्याच्या हातात कोर्टाचा कागद. आंबेडकरांनी हुकूम पाळला आणि पाण्याचा सत्याग्रह तहकूब केला. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याच्या पाण्याला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

आता तारखा मोजा. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दाव्याचा निकाल लागला जून १९३१ मध्ये, आंबेडकरांच्या बाजूने. वादी अपिलात गेले, ते अपील आलं ठाण्याला. जानेवारी १९३३ मध्ये तेही फेटाळलं गेलं. मग दुसरं अपील हायकोर्टात. तिथला निकाल १७ मार्च १९३७ चा. वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, असं कोर्टाने म्हटलं. एका तळ्याच्या पाण्यासाठी सव्वानऊ वर्षं!

मी ठाण्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं गेले. तिथल्या नक्कल विभागाच्या खिडकीशी भांडले, नाझरच्या टेबलापुढे ताटकळले, कँटीनचा चहा प्याले. चवदार तळ्याचं अपील ठाण्यात चाललं होतं, हे मला माझ्या वकिलीच्या सातव्या-आठव्या वर्षी कळलं. त्यानंतर बरेच दिवस तारीख पडली की मी मनातल्या मनात म्हणायचे, बाबासाहेबांनाही पडली होती. बरं वाटायचं. पण हे असं बरं वाटणं धोक्याचं आहे. त्या सव्वानऊ वर्षांत ज्या माणसांना तहान लागत होती, त्यांना कुणी विचारलं नाही की थांबणं परवडतं का. दिवाणी दाव्यात ज्याच्याकडे थांबायची सोय असते, तो निम्मा जिंकलेला असतो. आणि हे अशिलांइतकंच वकिलांनाही लागू आहे.

आता एक बाई. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण बायकांना पदवी द्यायची पद्धतच नव्हती. परत आली, मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली, पुढे अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. सनद मात्र नाही. पोट भरलं ते सरकारी नोकरीने. १९०४ पासून बंगालकडे पडद्यातल्या जमीनदार बायकांच्या मिळकतींची कायदेशीर सल्लागार म्हणून काम केलं. १९२३ मध्ये कायदा झाला, की केवळ बाई आहे म्हणून वकिली नाकारता येणार नाही. कॉर्नेलियाबाई कोर्टात रीतसर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय सत्तावन्नच्या पुढे होतं.

त्याच सुमाराला मुंबईत मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर झाल्या. त्यांच्या पहिल्या कामाची आठवण प्रसिद्ध आहे. अशिलाची बाजू इतकी भक्कम होती की हरायची शक्यताच नव्हती, आणि समोरच्याला बाईकडून हरल्याची नामुष्की यावी म्हणून ते काम त्यांना दिलं गेलं. मी ही गोष्ट हसत हसत खूपदा सांगितलीय. परवा ज्युनियरला सांगितली तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, मला परवा एका काकांनी विचारलं, मोठे वकील कधी येणार? मी म्हटलं मीच आहे. ते म्हणाले, मग नंतर येतो." शंभर वर्षं झाली की या गोष्टीला.

तर आता हिशोब. गांधींना भाऊ, कॉर्नेलियाबाईंना सरकारी पगार, आंबेडकरांना आधी मित्र आणि मग शिकवणी. माझं काय? माझी पहिली तीन वर्षं सीनियरने मला महिन्याला दोन हजार दिले, आणि ते देतात म्हणून बाकीच्या मुली माझा हेवा करायच्या. सीझन तिकीट, बसभाडं, झेरॉक्स, दुपारचा वडापाव. यात दोन हजार संपायचे. घर आईच्या शिक्षिकेच्या पगारावर चालत होतं. माझा काळा कोट तिने घेऊन दिला होता, गोरेगावला शिवलेला. हे मी "माझा संघर्ष" म्हणून लोकांना सांगत आलेय. खरं तर तो आईचा खर्च होता. संघर्ष तिचा, नाव माझं.

आमच्या धंद्याचा नियम कसा आहे, बघा. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. करायची तर कौन्सिलला कळवायचं आणि वकिली थांबवायची. जाहिरातही करता येत नाही. या दोन्हींना कारणं आहेत, वकिलाने कुणाच्या ओझ्याखाली असू नये आणि न्याय दुकानातला माल होऊ नये. पटण्यासारखीच आहेत. पण ज्याच्या घरी आईचा पगार नाही, बाबांचं चेंबर नाही, त्याने करायचं काय? एक वाट उघडी आहे, कायदा शिकवायची. दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवलेलं चालतं. आंबेडकर शंभर वर्षांपूर्वी जे करत होते तेच.

अगदी अलीकडे दोन गोष्टी झाल्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सनदेची फी कायद्यात लिहिलीय तेवढीच घ्यायची. खुल्या गटाला साडेसातशे रुपये, अनुसूचित जाती-जमातींना एकशे पंचवीस. त्याआधी निरनिराळ्या राज्यांत ती हजारो रुपये होती. नवल भथेनासारखा मित्र नसलेल्यांसाठी ही मोठी गोष्ट. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, की ज्युनियरला शहरात महिन्याला किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. "द्यावेत", बरं का. "द्यायलाच पाहिजेत" नव्हे. आमच्या बार रूममध्ये त्या परिपत्रकावर दोन दिवस चर्चा झाली. सगळे म्हणाले, तत्त्वतः योग्य आहे. मग चहा आला.

मी माझ्या ज्युनियरला किती देत होते? सहा हजार. आता कबूल करते, कारण ज्या सीनियरला मी मनातल्या मनात नावं ठेवत आले, त्यांचे २००८ चे दोन हजार आणि माझे आजचे सहा हजार यात महागाई धरली तर फारसं अंतर नाही. आणि मी तिच्याकडून काय काय करून घेत होते? लिव्ह अँड लायसन्सचे मसुदे, सोसायट्यांच्या डीम्ड कन्व्हेयन्सच्या फायली, नोटिसा, नोंदणी कार्यालयाच्या रांगा, "से" दाखल करणं, मुदतीचे अर्ज. एका सोसायटीच्या फाइलवर तिने महिनाभर काम केलं. फी माझ्या खात्यात जमा झाली. तिला मी शाबासकी दिली आणि पेढे.

माझीही बाजू आहे, ती सांगते. फी वेळेवर येत नाही. लोक डॉक्टरचे पैसे दारात देतात, वकिलाचे निकालानंतर, आणि निकाल कधी लागतो ते आपण वर पाहिलंच. ऑफिसचं भाडं, मुलाची फी, सासऱ्यांची औषधं. काही महिने असे येतात की माझ्या हातात उरतं त्यापेक्षा समोरच्या मेडिकलमधल्या मुलाचा पगार जास्त असतो. हे सगळं खरं आहे. पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी तिला आंबेडकर सांगत होते. खर्चाच्या प्रश्नाला मी इतिहासाचं उत्तर देत होते, आणि तेही अर्धं.

त्या पावसाळी दिवसानंतर आठवड्याने तिने सांगितलं, की एका खाजगी वित्त कंपनीत कायदा विभागात नोकरी मिळतेय. बत्तीस हजार. अंधेरीला ऑफिस. सनद स्थगित करावी लागेल. वडिलांचं म्हणणं, घे. तिचं म्हणणं, माहीत नाही.

माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य आलं होतं. गिळलं. त्या संध्याकाळी मी माझी वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली. गेल्या वर्षी काय आलं, काय गेलं, कुणाकडे किती थकलंय. पहिल्यांदाच कुणाला तरी दाखवत होते. आम्ही दोघींनी बेरीज केली. वीस हजार मला जमत नाहीत. चौदा जमतात, आणि जी सोसायटीची फाइल ती पहिल्यापासून शेवटपर्यंत करेल तिच्यातला चौथा हिस्सा. वकालतनाम्यावर माझ्या नावाखाली तिचं नाव. शनिवार मोकळा, तिला कुठे कायदा शिकवायचा असेल तर. एवढंच. बत्तीस हजारांपुढे ते कमीच आहे, हेही मी तिला सांगितलं. आणि नोकरी घेतलीस तर ती हार नाही, कॉर्नेलियाबाईंनी वीस वर्षं नोकरीच केली आणि त्यानंतर कोर्टात उभ्या राहिल्या, हेही सांगितलं. यावेळी इतिहास पूर्ण सांगितला.

तिने वही उलटसुलट बघितली. मग एका नावावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, या काकांकडे दोन वर्षांचे पैसे थकलेत. हेच ते, 'मोठे वकील कधी येणार' म्हणाले होते. आधी यांना फोन लावू का?"

लावला. काकांनी निम्मे पाठवले, बाकीचे दिवाळीला देतो म्हणाले.

तिचा निर्णय अजून झालेला नाही. हा भाग रेकॉर्ड होतोय तेव्हा कंपनीला उत्तर द्यायला तिच्याकडे पाच दिवस आहेत. हा भाग काढायची परवानगी मी तिच्याकडून घेतलीय. तिची अट एकच होती, की मी सहा हजारांचा आकडा गाळायचा नाही. गाळलेला नाही.

तुमच्यापैकी कुणी वकील असाल, सीए असाल, आर्किटेक्ट असाल, कुणाच्या हाताखाली शिकलेले असाल किंवा तुमच्या हाताखाली कुणी शिकत असेल, तर आज घरी गेल्यावर एक बेरीज करून बघा. तुमची पहिली वर्षं कुणाच्या पैशावर गेली? त्या माणसाचं नाव मला लिहून पाठवलंत तर आवडेल. माझ्या आईचं मी आज पहिल्यांदाच घेतलं.

पुढच्या भागात मिठागरांकडे जाऊ. भाईंदरचं मीठ, खाडी आणि रेल्वे. तोवर छत्री जवळ ठेवा. भेटू.